वारा थोडा वाढवा

"वारा थोडा वाढवा," हिरो म्हणाला, आणि खुर्चीत बसलेल्या लेखिकेच्या कपाळावरची शीर उडायला लागली.

हिरो म्हणजे नाटकातला प्रमुख नट. टीव्हीवरच्या एका लांबलेल्या मालिकेत तो घरातला समजूतदार थोरला भाऊ होता, त्यामुळे रस्त्यात बायका त्याला थांबवून नवऱ्यांच्या तक्रारी सांगायच्या. तालमीत तोंडावर सगळे त्याला 'सर' म्हणत आणि पाठ फिरली की 'हिरो'. माणूस वाईट नव्हता. वेळेवर यायचा, पाठांतर चोख, कुणावर आवाज चढवायचा नाही. तिला वाटायचं, हा जरा नालायक असता तर बरं झालं असतं. भांडायला सोपं गेलं असतं.

"किती वाढवू?" साउंडवाल्यानं मागून विचारलं.

"मुलीची हाक बुडेल इतका."

"बुडेल इतका नाही," ती खुर्चीवरून उठलीच. "हाक ऐकू यायला हवी. त्याला आणि प्रेक्षकांना, दोघांनाही. सगळं नाटक त्या हाकेवर उभं आहे."

"लेखिकाबाई, मी फक्त वातावरणासाठी म्हणतोय," हिरो नम्रपणे म्हणाला. त्याच्या त्या नम्रपणाला धार लावलेली असायची. कापलेलं नंतर कळायचं.

नाटक तिचं होतं. डोंगरातलं एक गाव, गावाला जोडणारा एकच पूल, पुलावर फाटक, आणि साथीच्या दिवसांत त्या फाटकाची किल्ली गावच्या डॉक्टरकडे. बाहेरून कुणालाही आत घ्यायचं नाही, हा नियम डॉक्टरनंच केलेला. आदल्या दिवशी त्यानं एका विणकराच्या मुलीला फाटकावरून परत पाठवलेलं असतं. विणकर पाया पडतो, डॉक्टर बधत नाही, कारण तो सच्चा माणूस आहे. दुसऱ्या रात्री, थंडीनं हाडं गोठत असताना, फाटकावर त्याची स्वतःची मुलगी येते आणि हाक मारते. डॉक्टर दार उघडत नाही. सकाळी ती फाटकापाशी गारठून मेलेली सापडते. तिला साथ झालेलीच नसते. गाव म्हणतं, बिचाऱ्याला वाऱ्यात ऐकू आलं नसेल. आणि डॉक्टर सगळ्या गावासमोर म्हणतो, "मला आवाज ओळखू आला होता."

बस. तेवढी एक ओळ. तिच्या मते बाकीचं नाटक त्या ओळीपर्यंत पोचायला बांधलेला जिना होता. आणि हिरोला तीच ओळ नको होती.

त्यानं ते एका दमात सांगितलं नाही. आधी वारा वाढला. मग एका तालमीत तो म्हणाला, "वारा इतका आहे, तर डॉक्टरला खरंच ऐकू आलं असेल का?" मग, "समजा ऐकू आलंच नसेल, तर सकाळी किती मोठा धक्का बसेल!" आणि शेवटी एक दिवस मान खाली घालून, "ती ओळ मला आतून येत नाहीये. 'मला ऐकूच आलं नाही' असं म्हटलं तर? माझ्या डोळ्यांत आत्ताच पाणी येतंय बघा."

खरोखरच पाणी आलं होतं. कामवाल्या बाईच्याही आलं, ती केर काढायची थांबली होती.

"सर," लेखिका म्हणाली, "झाड पडून माणूस मेला तर वाईट वाटतं. पण ते झाडाचं नाटक झालं, माणसाचं नाही. वाऱ्यामुळे ऐकू आलं नाही म्हणजे वारा खुनी. मग वाऱ्यालाच घ्या ना मुख्य भूमिकेत!"

साउंडवाला फिसकन हसला.

"चांगल्या माणसाच्या वाट्याला वाईट आलं, हीच शोकांतिका नाही का?" हिरोनं विचारलं.

"नाही. ते नशीब. चांगल्या माणसाच्या चांगुलपणातूनच वाईट उगवतं, ती शोकांतिका. तो ज्या गुणासाठी गावात ओळखला जातो, त्याच गुणानं मुलीला मारतो, आणि मारताना त्याला ठाऊक असतं."

"म्हणजे प्रेक्षकांनी माझा राग करायचा?"

"राग करायचा आणि दयाही यायची. दोन्ही एकदम. म्हणून तर गळा दाटतो."

हिरोनं मास्तरकडे पाहिलं. मास्तर म्हणजे दिग्दर्शक, तिचा कॉलेजपासूनचा मित्र. सगळं जग त्याला मास्तर म्हणे आणि तीही म्हणे, पण अरेतुरे करून. कॉलेजात याच मास्तरनं तिच्या पहिल्या एकांकिकेत बदल सुचवणाऱ्या परीक्षकाला दारापर्यंत नेऊन सोडलं होतं. आता त्यानं चष्मा काढून डोळे चोळले.

"तू म्हणतेस ते शंभर टक्के बरोबर आहे," तो म्हणाला. "पण..."

मास्तरच्या 'पण'ला शेपूट लांब असायचं. पण हिरो गेला तर नाट्यगृहाची तारीख जाईल. पण मुलीचं काम करणारी पोरगी नोकरी सोडून आलीय. पण गेली कित्येक वर्षं मास्तरला कुणी नाटक दिलेलं नाही, आणि हे तिला त्यानं सांगायचीही गरज नव्हती. त्याच्या कोटाच्या कोपरांकडे पाहिलं की कळत होतं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. ती आठवडाभर फणफणली, घरी भांडी आपटली आणि मग 'बदलास संमती' असं लिहिलेल्या कागदावर सही केली. कुणी तिचा हात धरला नव्हता.

नाटक धो धो चाललं.

हेच तिला सगळ्यात झोंबलं. पडलं असतं तर 'बघा, मी सांगत होते' असं म्हणता तरी आलं असतं. पहिल्या प्रयोगाला लोक हुंदके देत होते. वारा असा घोंघावला की पुढच्या रांगेतल्या एका बाईनं शाल ओढून घेतली. हिरो गुडघ्यांवर कोसळला आणि म्हणाला, "मला ऐकूच आलं नाही!" टाळ्यांनी छप्पर उडालं. वर्तमानपत्रात छापून आलं, 'अस्सल शोकांतिका'. तिनं ते वाचलं आणि वर्तमानपत्र भाजीच्या टोपलीखाली अंथरलं.

"काय रडले गं मी!" सासूबाई घरी आल्यावर म्हणाल्या. त्या सुनेचं नाटक बघायला नवी साडी नेसून गेल्या होत्या. "अगदी हलकं वाटलं बघ. जेवणसुद्धा जास्त गेलं."

"हलकं वाटलं?"

"मग काय! बिचाऱ्याची काही चूकच नव्हती ना. चूक असती तर मला झोप आली नसती."

"आई, झोप येऊ नये म्हणूनच मी ते लिहिलं होतं."

सासूबाईंनी मुलाकडे पाहिलं. तिचा नवरा चष्म्याच्या दुकानात बसायचा आणि घरातल्या भांडणांत दोन्ही बाजूंना नंबर बरोबर आहे असं सांगायचा. "आई, तिचं म्हणणं बरोबर आहे," तो म्हणाला. "आणि अगं, आईचंही काही चुकलेलं नाही."

"तुमच्या घरात कुणाचंच कधी काही चुकत नाही," ती म्हणाली आणि कुकर लावायला आत गेली.

नाटकाव्यतिरिक्त ती पोटासाठी नोकरी करायची, विमा कंपनीत, दाव्यांच्या विभागात. जे जळालं, बुडालं, मोडलं ते जाऊन बघायचं आणि ठरवायचं, हा अपघात की हलगर्जीपणा. अपघात असेल तर भरपाई, हलगर्जीपणा असेल तर नाही. इतकी वर्षं हेच करून तिचं एक मत झालं होतं की जिथपर्यंत विमा पोचतो तिथपर्यंत नुसतं दुःख असतं. शोकांतिका त्याच्या पलीकडे सुरू होते. हे ती मास्तरला सांगायची आणि मास्तर म्हणायचा, "वाक्य छान आहे, पण..."

नाटकाचे प्रयोग जोरात चालू असतानाच तिच्याकडे एक काम आलं. दोन भावांचा सुतारकामाचा कारखाना होता. फिरत्या करवतीत धाकट्याच्या उजव्या हाताची बोटं गेली होती. ती बघायला गेली तेव्हा कारखाना झाडून लख्ख केलेला होता आणि कच्च्या लाकडाचा गोडसर वास येत होता. धाकटा हाताला पट्टी बांधून बाकावर बसला होता. थोरला उभाच होता.

करवतीवर संरक्षक झाकण नव्हतं. ते भिंतीला टेकून ठेवलेलं होतं.

"हे निखळलं का?" तिनं विचारलं. विचारताना तिनं सवयीनं उत्तराला वाट करून दिली होती. यंत्राचं झाकण सैल होऊन निखळलं की तो अपघात. मुद्दाम काढून ठेवलेलं असलं तर दावा गेला.

"नाही," थोरला म्हणाला. "मी काढलं."

"दादा!" धाकटा कळवळून म्हणाला.

"मी काढलं, बाई. शाळेच्या बाकांचं मोठं काम होतं. झाकण असलं की फळी दर वेळी थांबवून सरकवावी लागते."

तिनं पेन खाली ठेवलं. "हे बघा, मी अजून काही लिहिलेलं नाही. यंत्र थरथरतं. थरथरीनं पेच ढिले होतात. झाकण सैल होऊन निसटलं, असं होऊ शकतं की नाही?"

"होऊ शकतं. दुसऱ्याच्या कारखान्यात." थोरल्याचा आवाज चढला. "मी बसवलेलं झाकण सैल कसं असेल?"

तिला हसू आलं आणि पुढच्याच क्षणी तिची नजर धाकट्याच्या पट्टीवर गेली.

"अहो, पण तुमच्या भावाला आयुष्यभर..."

"ते मला ठाऊक आहे. दुसरा कुणी करवतीवर असता तर मी झाकण काढलं नसतं. याचा हात माझ्यापेक्षा साफ. मीच त्याला शिकवलं आणि तो माझ्यापुढे गेला. मी सगळ्यांना सांगायचो, याच्या हाताला झाकणाची गरज नाही. त्याला म्हटलं, आज असंच काप. तो म्हणाला, दादा, नको. मी म्हटलं, माझा विश्वास आहे."

"दादा, सही कर ना रे," धाकटा म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते रागाचं होतं. "बाई स्वतःहून म्हणतायत. सैल होतं म्हण. काय जातंय तुझं?"

"सैल होतं म्हटलं तर मी काय केलं?" थोरला म्हणाला. "काहीच केलं नाही. मग तुझी बोटं गेली कशी? आपोआप?"

"असू दे ना आपोआप!"

ती तासभर बसली. तिनं गोड बोलून पाहिलं, मुलाबाळांचं भविष्य पुढे केलं, शेवटी रागावलीसुद्धा. "तुमच्या खरेपणाची किंमत तुमच्या भावानं का द्यायची?" असं तिनं तोंडावर विचारलं. थोरल्यानं मान हलवली, मग कागद ओढून स्वतःच्या हातानं, सुतारी पेन्सिलीच्या ठसठशीत अक्षरांत त्यानं लिहिलं की झाकण मी काढलं. धाकटा उठून बाहेर निघून गेला. थोरला त्याची पिशवी घेऊन मागोमाग गेला. रस्त्यावर धाकटा भराभरा पुढे आणि थोरला मागे, असे ते चालताना तिला दिसले. धाकट्यानं एकदाही वळून पाहिलं नाही.

ती रिक्षात बसून धुमसत होती. काय मूर्ख माणूस! एक शब्द बदलला असता तर काय बिघडलं असतं? एवढा हट्ट कशाला? माणसानं जरा वाकावं...

रिक्षावाल्यानं आरशातून पाहिलं, कारण ती मोठ्यांदा बोलत होती. आणि मग तिला शरमेनं घाम फुटला. तासभर ती त्या माणसाला वारा वाढवायला सांगत होती.

तिनं रिक्षा हिरोच्या घराकडे वळवायला सांगितली.

हिरो लसूण सोलत बसला होता. घरच्या कपड्यांत तो टीव्हीवरच्यापेक्षा बुटका आणि दमलेला दिसत होता. त्याच्या बायकोनं पाणी आणून दिलं आणि तीही लसणाचा एक गड्डा घेऊन शेजारी बसली. लेखिकेनं त्या दोघांना सुताराची गोष्ट सांगितली. नीट सांगता आली नाही. मधेच तिचा आवाज चिरकला, झाकण कुठे लावतात ते समजावताना भलतीकडेच गेली.

हिरोनं सगळं ऐकून घेतलं. "बाई, गोष्ट मनाला लागली," तो म्हणाला. "पण तिकीट काढून त्या माणसाला बघायला कोण येईल? मी इतकी वर्षं लोकांच्या घरातला थोरला भाऊ आहे. लोक मला बघून दिवे मालवून शांत झोपतात. त्यांना मी सांगू, की मला माहीत होतं?"

"तुम्ही नाही हो, डॉक्टर!"

"तोंड माझंच असतं."

"मग स्पष्ट सांगा ना, की लोकांच्या मर्जीतून उतरायची भीती वाटते. 'आतून येत नाही' असं कशाला सांगता?"

हिरो पुढची पाकळी सोलायला लागला. बोलली ती त्याची बायको, हातातलं सोलणं न थांबवता. "आतून येत नाही असं नाहीये. येते. एकदा जेवताना यांनी ती म्हणून बघितली. मोठ्यांदा नाही, सहज, भात कालवता कालवता. 'मला आवाज ओळखू आला होता.' माझा हात तसाच राहिला. मला वाटलं, हा माणूस मला काहीतरी खरं सांगतोय. मी ताटावरून उठले. मीच म्हटलं यांना, ही ओळ घरात आणू नका."

"एकदा," लेखिका म्हणाली. आपण इतक्या लाचार आवाजात बोलू शकतो हे तिला नवीनच कळलं. "एकच प्रयोग. आडवारी, दुपारचा. अर्धं नाट्यगृह रिकामं असतं."

"मास्तर ऐकायचे नाहीत."

"मास्तरला सांगायचं नाही."

म्हणताना तिला आपलीच लाज वाटली. ज्या मित्रासाठी तिनं ती ओळ सोडली होती, त्याच मित्राच्या पाठीमागे आता ती परत आणत होती. पण निघालेला शब्द निघाला. हिरोनं बायकोकडे पाहिलं. बायकोनं साली गोळा केल्या आणि म्हणाली, "घरात नको म्हटलंय मी. तिथे काय करायचं ते तुमचं तुम्ही ठरवा."

त्या दुपारी आकाश स्वच्छ होतं आणि नाट्यगृहात माणसं तुरळक होती. कुणी उन्हातून सावलीला आलेलं, कुणी फुकटच्या पासावर. ती साउंडवाल्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली. "हाकेच्या वेळी वारा उतरवा," ती म्हणाली. त्यानं तिच्याकडे पाहिलं, विंगेत बसलेल्या मास्तरकडे पाहिलं आणि म्हणाला, "बाई, पहिल्या दिवसापासून हात शिवशिवत होता."

हाकेचा प्रसंग आला. वारा घोंघावला आणि मग हळूहळू बसला, जसा खरा वारा अधूनमधून दम घेतो. त्या शांततेत फाटकाबाहेरून मुलीची हाक आली, "बाबा." स्वच्छ. शेवटच्या रांगेपर्यंत. मुलीचं काम करणारी पोरगी स्वतःच दचकली असावी, कारण दुसरी हाक थोडी थरथरली. हिरो किल्ली हातात घेऊन फाटकाकडे पाठ करून उभा होता. त्यानं काहीच केलं नाही. नेहमी तो इकडेतिकडे पाहायचा, कानाला हात लावायचा, ऐकू येत नसल्याचं सगळं दाखवायचा. आज तो नुसता उभा राहिला आणि त्याच्या मुठीतली किल्ली मुठीतच राहिली.

मास्तर विंगेत ताडकन उठला. पण चालू प्रयोगात तो काय करणार!

मग सकाळ झाली. गाव जमलं. कुणीतरी म्हणालं, वाऱ्यात ऐकू आलं नसेल. हिरो आज गुडघ्यांवर कोसळला नाही. तो विणकराचं काम करणाऱ्या नटासमोर जाऊन थांबला, जे तालमीत कधीच बसवलेलं नव्हतं, आणि साध्या आवाजात, शेजाऱ्याशी बोलावं तसं म्हणाला, "मला आवाज ओळखू आला होता."

आणि काहीच झालं नाही.

पडद्यावाला त्या नेहमीच्या आक्रोशाची वाट पाहत होता. आक्रोश आलाच नाही, म्हणून पडदाही आला नाही. हिरोला लपायला ना वारा होता ना रडणं. तो तिथेच उभा होता, सगळ्यांनी बघावं असा. विणकराचा नट संवाद नसल्यामुळे त्याच्याकडे पाहत राहिला आणि पाहता पाहता त्यानं तोंड फिरवलं. प्रेक्षकांत कुणी हुंदका दिला नाही. कुणी खोकलंसुद्धा नाही. तिनं लिहिताना जे डोक्यात पाहिलं होतं ते हे होतं, आणि ते पाहवत नव्हतं.

शेवटी मास्तरनंच धावत जाऊन पडद्यावाल्याला ढोसलं. पडदा पडला. टाळ्या आल्या त्या चार-दोन, चुकून वाजल्यासारख्या. लोक उठले आणि एकमेकांशी न बोलता बाहेर पडले.

मास्तर तिच्यासमोर येऊन उभा राहिला. तो ओरडेल असं तिला वाटलं होतं; त्याची तयारीही तिनं केली होती. तो ओरडला नाही.

"मला विचारायचं होतंस," तो म्हणाला.

"तू नाही म्हणाला असतास."

"नाही म्हणालो असतो. तरीही विचारायचं होतंस." त्यानं कोटाच्या बाहीनं चष्मा पुसला. "चांगलं झालं, मला कळतं तेवढं. मी आंधळा नाही. पण चेहरे बघितलेस लोकांचे? यातला एकजण तरी जाऊन शेजाऱ्याला सांगेल का, की जा, बघून ये? चार दिवसांत बोर्ड उतरेल. मग कर शोकांतिका रिकाम्या खुर्च्यांपुढे."

"मास्तर..."

"आज नको," तो म्हणाला आणि निघून गेला. त्यांची मैत्री तुटली नाही, पण पुढे कितीतरी दिवस तो तिच्याशी फक्त कामापुरतं आणि 'अहो' लावून बोलला. ते शिव्यांपेक्षा जास्त लागायचं.

हिरो रंगपटात आरशासमोर बसला होता. अर्धा चेहरा पुसलेला, अर्ध्यावर अजून डॉक्टर. ती दारात उभी राहिली. आभार मानायचे होते, पण आभार हा शब्द फार हलका वाटत होता.

"पुन्हा नाही," तो आरशातूनच म्हणाला.

"का? इतकं छान झालं! आजवरचं तुमचं सगळ्यात..."

"म्हणूनच नाही." त्यानं कापूस तेलात बुडवला. "विणकरानं तोंड फिरवलं तेव्हा मला वाटलं, बरोबर केलं त्यानं. रोज संध्याकाळी स्वतःला हे वाटून घ्यायचं आणि मग घरी जाऊन जेवायचं? मला नाही जमायचं, बाई. माझी तेवढी ताकद नाही. तुम्ही लिहून मोकळ्या झालात. उभं मला राहावं लागतं."

ती खूप भांडली. नट कशासाठी झालात, असंही म्हणाली. तो प्रत्येक गोष्टीला "खरं आहे" म्हणत राहिला आणि चेहरा पुसत राहिला. पुढचे सगळे प्रयोग वाऱ्यासकटच झाले, लोक रडत राहिले, वर्षअखेरीला हिरोला त्या भूमिकेसाठी मानाची ढाल मिळाली आणि भाषणात त्यानं तिचं नाव घेऊन मनापासून नमस्कार केला. टाळ्या वाजवण्यावाचून तिला गत्यंतर नव्हतं. सुतार भावांचा दावा तर नामंजूर झालाच. ते पत्र तिनंच टाइप केलं.

पण त्या दुपारी रंगपटातून बाहेर पडताना हे काही तिला माहीत नव्हतं. ती फक्त संतापलेली होती, हिरोवर, मास्तरवर आणि सगळ्यात जास्त स्वतःवर. बाहेर ऊन रणरणत होतं. तिकीटखिडकीच्या छपराखाली एक बाई उभी होती. साधी सुती साडी, हातात पिशवी, चेहरा लालबुंद.

"अहो, तुम्ही आतल्याच ना?" बाईनं तिला अडवलं. "हे नाटक कुणी लिहिलंय?"

"मी."

"तुम्ही?" बाईनं पिशवी खाली ठेवली. मोकळ्या हातांनी भांडायचं असावं. "मग सांगा मला, तो दार का उघडत नाही? ऐकू येतंय ना त्याला? पोटची पोर आहे ना? असं कुणी करतं का?"

"त्यानं आदल्या दिवशी विणकराच्या मुलीला..."

"ते बघितलं मी. म्हणून काय झालं? उघडायचं! आणि मग विणकराच्या पाया पडायचं!"

"मग तो डॉक्टर राहिला नसता."

"नसता तर नसता! बाप तरी राहिला असता. मला तर वाटलं, उठावं आणि आपणच जाऊन कडी काढावी. नालायक मेला!"

"नालायक नाही हो तो, तिथेच तर सगळं..."

"मग काय आहे? सांगा ना!"

तिनं तोंड उघडलं. तालमीत शंभरदा सांगितलेलं सगळं तिच्या जिभेवर होतं, चांगुलपणा, नियम, दया आणि राग एकदम. पण समोरच्या बाईचे डोळे इतके खरे पेटलेले होते की त्यातलं एकही वाक्य तिला बाहेर काढवेना.

"मलाही नीट माहीत नाही," ती शेवटी म्हणाली. "मी असते तर उघडलं असतं, बहुतेक."

"बहुतेक?" बाई खवळली. "बहुतेक म्हणजे काय?"

समोरच्या थांब्यावर बस आली आणि दार उघडून थांबली. दोघींपैकी कुणीच तिकडे बघितलं नाही. कंडक्टरनं दोनदा घंटी मारली, मग बस निघून गेली, आणि छपराखाली त्या दोघी हातवारे करत भांडत राहिल्या.